नंबर गेला तरी चालेल

थीम पार्कमध्ये जाणाऱ्या माणसाला भीती वाटते ती राइडची. पट्टा नीट लागलाय ना, गाडी उलटी झाली की खिशातला मोबाइल पडेल का, जेवण आधी उरकावं की नंतर, अशा चौकशा चालतात. रांगेबद्दल मात्र एकच प्रश्न असतो, किती वेळ लागेल? खरं म्हणजे दिवसाचा मोठा भाग जातो तो रांगेतच. खोपोलीजवळच्या इमॅजिकात नायट्रो नावाचा रोलर कोस्टर आहे. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास ताटकळलात, तरी गाडीत बसल्यावर सगळा खेळ दोन-तीन मिनिटांत आटोपतो. त्या दोन-तीन मिनिटांसाठी इंजिनिअर, रोजची तपासणी, पट्टे, कुलपं, सेन्सर असा सगळा सरंजाम असतो. उरलेला तासभर आपण असतो आणि आपल्यासारखी दोन-तीनशे माणसं, लोखंडी कठड्यांच्या मध्ये, उकाड्यात.

या तासाभरात बरंच काही होऊ शकतं. उभ्या उभ्या घेरी येते. कठड्यावर चढून बसलेलं पोर तोंडावर आपटतं. ओल्या फरशीवरून पाय सटकतो. कुणाला फिट येते, कुणाची साखर उतरते, क्वचित कुणाचं हृदय बंद पडतं. आणि यातल्या बहुतेक वेळा मदत शे-दोनशे पावलांवरच असते. मोठ्या पार्कात प्रथमोपचाराची खोली असते, तिथे नर्स असते, कर्मचाऱ्यांकडे वॉकीटॉकी असतात. घोटाळा होतो तो या शे-दोनशे पावलांत. रांग ही माणसं आत आणण्यासाठी केलेली व्यवस्था आहे, तिच्यातून उलटं बाहेर पडायचं तर वाट नसते आणि आपली तयारीही नसते. एरवी रांगेत घुसण्यात आपण पटाईत, पण बाहेर पडायचं म्हटलं की पाय अडतो. ‘आता आलंच की, पंधरा मिनिटं काढ कशीतरी’, ‘थांब, नंबर जाईल’, ही वाक्यं प्रत्येक रांगेत ऐकू येतात. अर्धे प्रसंग या ‘नंबर जाईल’पायीच बिघडतात, असं माझं मत आहे.

रांगेचा हा त्रास थीम पार्काइतकाच जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडलं ते 17 जुलै 1955 रोजी. त्या दिवशी ऊन अडतीस अंशांच्या आसपास होतं. नळ जोडणाऱ्या कामगारांचा संप नुकताच मिटलेला, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे बसलेलेच नव्हते. आमंत्रणपत्रिकांच्या नकला छापल्या गेल्यामुळे बोलावल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आत शिरली. ताज्या डांबरात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतत होत्या, असं त्या दिवसाबद्दल नेहमी सांगितलं जातं. सावली नाही, पाणी नाही आणि माणसं अंदाजापेक्षा जास्त, हे त्रांगडं आजही कुठल्याही मे महिन्यातल्या रविवारी तसंच जुळून येतं.

पुढे अशा ठिकाणी नागमोडी रांग रुळली. ती आता विमानतळांवर दिसते, देवस्थानांच्या दर्शनबारीतही दिसते. कमी जागेत जास्त माणसं मावतात, रांग सतत पुढे सरकल्यासारखी वाटते, मध्येच घुसणं अवघड जातं. हे तिचे फायदे. पण मधल्या पट्ट्यात कुणी पडलं, तर त्याच्या आणि मोकळ्या जागेच्या मध्ये कंबरेएवढे तीन-चार कठडे असतात. बऱ्याच रांगांना मध्येच एखादं छोटं फाटक किंवा काढता येणारी साखळी असते. ती कर्मचारी उघडतात. रांगेत शिरतानाच ती कुठे आहे हे एकदा पाहून ठेवायला हरकत नाही.

आधी घेरीबद्दल बोलू, कारण रांगेतली सगळ्यांत नेहमीची गोष्ट तीच. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. ते परत वर ढकलण्याचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, पण चालताना. एकाच जागी तिष्ठत राहिलं की ते काम थांबतं. उकाड्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, घामाने पाणी गेलेलं असतं, सकाळी लवकर निघायचं म्हणून नाश्ता चुकलेला असतो. मग एका क्षणी शरीराची प्रतिक्रिया उलटी होते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब धाडकन उतरतो, मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद तुटतो आणि माणूस खाली येतो. झेंडावंदनाला ‘सावधान’मध्ये उभी असलेली पोरं कोसळतात ती याच कारणाने.

घेरी सहसा सांगून येते. जांभया येतात, चेहरा पांढराफटक पडतो, गार घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. हा मिनिटभराचा अवधी हातचा घालवू नये. त्याच जागी उकिडवं बसावं. बसता येत नसेल तर पाय एकमेकांवर आढी घालून मांड्या आणि पोट आवळून धरावं, मुठी घट्ट मिटाव्यात; त्याने दाब थोडा सावरतो. लाज वाटते हे खरं, धडधाकट माणूस रांगेत खाली बसला की लोक बघतात. बघू द्यावं. कठड्यावर दात आपटून पडण्यापेक्षा ते बरं.

आणि माणूस पडलाच तर आपली पहिली ऊर्मी चुकीची असते. चार जण धावतात आणि त्याला बगलेत धरून उभं करतात, नाहीतर खुर्चीत बसवतात. तो बेशुद्ध झाला ते रक्त डोक्यापर्यंत पोचत नव्हतं म्हणून, आणि आपण त्याला परत त्याच स्थितीत टांगतो. त्याला आडवं होऊ द्यावं, पाय थोडे उचलून धरावेत, गळ्याचं बटण सैल करावं. साधी घेरी असेल तर मिनिटभरात तो डोळे उघडतो. पूर्ण सावध होईपर्यंत तोंडात पाणी ओतायचं नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शुद्ध आल्यावर लगेच उठवायचंही नाही. दहा-पंधरा मिनिटं पडू द्यावं, मग बसवावं, मग उभं करावं. घाईने उभा केलेला माणूस पुन्हा पडतो आणि दुसरं पडणं जास्त लागतं. छातीत दुखत होतं, धाप लागली होती, कसलीही चाहूल न देता एकदम पडला, गरोदर बाई आहे किंवा पडताना डोक्याला मार बसला, यातलं काहीही असलं तर ती साधी घेरी समजू नये.

आता जागेचा प्रश्न. पडलेल्या माणसाभोवती कडं होतं आणि ‘हवा येऊ द्या, हवा येऊ द्या’ असं कड्यातलेच लोक ओरडत असतात. त्याच वेळी रांग पुढे सरकलेली असते, त्यामुळे मागच्यांना वाटतं, पुढे जागा झाली, चला. ते ढकलतात. मागच्याला पुढचं दिसत नाही, हीच गर्दीतली खरी मेख. गर्दीचा अभ्यास करणारे अमेरिकी अभियंते जॉन फ्रुइन यांनी 1993 मध्ये गर्दीतल्या दुर्घटनांची कारणं मांडली. रेटा, जागा आणि वेळ यांच्या बरोबरीने त्यांनी माहिती हेही कारण धरलं. पुढे काय झालंय हे मागे कळलं नाही की रेटा वाढत जातो. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला 23 माणसं गेली, तेव्हा जिन्याच्या वर असलेल्यांना खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. थीम पार्कची रांग त्या थराला सहसा जात नाही, कठडे तिला पातळ ठेवतात. पण तत्त्व तेच.

म्हणून पहिलं काम मागच्यांचं. एकाने पाठ पडलेल्या माणसाकडे आणि तोंड मागच्या लोकांकडे करून, दोन्ही हात आडवे धरून उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं, ‘थांबा, इथे माणूस पडलाय, पुढे येऊ नका.’ पुढच्यांना मात्र अडवायचं नाही. त्यांना जाऊ द्यायचं, चार पावलं अजून पुढे सरका म्हणायचं. पुढचे गेले आणि मागचे थांबले की मध्ये आपोआप जागा मोकळी होते. कठड्यापलीकडे कुणाला ढकलावं लागत नाही. पडलेल्या माणसाला मात्र कठड्यावरून उचलून पलीकडे द्यायच्या फंदात पडू नये. बेशुद्ध माणूस जड असतो, हातातून सुटतो आणि मान दुखावलेली असेल तर कायमचं नुकसान होतं. कठडा काढणं किंवा फाटक उघडणं हे कर्मचाऱ्यांचं काम.

कर्मचाऱ्यांपर्यंत निरोप पोचवायचा कसा, यातच सगळी गोम आहे. प्रत्येकाला वाटतं, इतकी माणसं आहेत, कुणीतरी सांगितलंच असेल. जॉन डार्ली आणि बिब लतानी या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली यावर एक गाजलेला प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला फिट आल्याचं नाटक ध्वनिमुद्रित आवाजातून ऐकवलं. आपण एकटेच ऐकतो आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के मदतीला उठले. आणखी चौघं ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त 31 टक्के. हा आकडा सांगून माणुसकी मेली म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही, पण त्यांनी दुसरी बाजूही बघावी. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या शहरांत रस्त्यावरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा दहातल्या नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. हे निष्कर्ष अलीकडचे, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेले. माणसं मदत करतात. फक्त समोर काय चाललंय हे त्यांना दिसलं पाहिजे आणि नेमकं काय करायचं ते कळलं पाहिजे.

त्यामुळे ‘कुणीतरी बोलवा रे’ असं हवेत ओरडायचं नाही. बोट दाखवून एकाला धरायचं. ‘अहो दादा, निळा शर्ट, तुम्ही. मागे प्रवेशाजवळ पार्कचा माणूस उभा आहे, त्याला सांगा आणि त्याला घेऊनच परत या.’ ‘ताई, तुम्ही 108 लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा.’ नाव माहीत नसलं तरी दादा, ताई, काका एवढं पुरतं, आणि एकदा बोट दाखवलं की तो माणूस नाही म्हणत नाही. लहान मुलाला निरोप्या करू नये. ‘पुढे सांगा, पुढे सांगा’ करत तोंडोतोंडी निरोप पाठवणं तर अगदीच फुकट. वीस माणसं पुढे जाईपर्यंत राइड बंद पडल्याची बातमी होते.

कुठल्या बाजूला जायचं? रांगेच्या पहिल्या निम्म्या भागात असाल तर मागे, प्रवेशाकडे. फलाट जवळ आला असेल तर पुढे. दोन्ही टोकांना पार्कचा माणूस असतो. प्रवेशाशी मुलांची उंची मोजणारा आणि फलाटावर गाडीत बसवणारा. दोघांना कंट्रोल रूमशी बोलता येतं. त्याला सांगताना राइडचं नाव आधी, कारण वॉकीटॉकीवर पलीकडच्याला तेच हवं असतं. मग जागा, मग माणूस, मग अवस्था. ‘नायट्रोची रांग, आत शिरल्यावर तिसरं वळण, पंख्याच्या खांबाजवळ. पन्नाशीचे गृहस्थ. बेशुद्ध आहेत, श्वास चालू आहे, दोन मिनिटं झाली.’ एवढ्या निरोपावर नर्स योग्य सामान घेऊन निघते. ‘तिकडे एकाला बरं नाहीये’ एवढ्यावर आधी बघायला माणूस येतो, तो परत जातो आणि मग नर्स निघते.

पार्कला सांगावं की थेट 108 ला? दोन्ही, आणि दोन वेगळ्या माणसांनी. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 पासून आहे; 937 रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली, त्यातल्या 233 प्रगत उपकरणांच्या होत्या आणि रुग्णवाहिकेसोबत डॉक्टर येतो हे या सेवेचं वैशिष्ट्य. 112 वर पोलिस, अग्निशमन आणि वैद्यकीय अशा सगळ्याच मदतीसाठी बोलता येतं. पण फोन उचलणारा माणूस दूरच्या नियंत्रण कक्षात बसलेला असतो. त्याला नायट्रो म्हणजे काय ते ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याला तालुका, रस्ता, गाव हवं. खालापूर तालुका, खोपोली-पाली रस्ता, पार्कचं नाव. आणि रुग्णवाहिका तिकिटाच्या दारातून आत येत नाही, तिला मालवाहतुकीचं फाटक लागतं, आतला रस्ता दाखवणारा माणूस लागतो. ते पार्कच्या लोकांनाच जमतं. म्हणून 108 ला फोन केल्याचं पार्कच्या माणसाला सांगायचं विसरू नये, नाहीतर गाडी पुढच्या दाराशी थांबलेली आणि स्ट्रेचर मागच्या दाराने निघालेलं, असं होतं.

बहुतेक प्रसंगांत यानंतर वाट बघणं एवढंच काम उरतं. एका प्रसंगात मात्र वाट बघणं म्हणजे माणूस गमावणं. हाक मारली, खांदे हलवले, तरी प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं मधूनच तोंड उघडतंय आणि घशातून घरघर येते आहे, तर ते हृदय बंद पडल्याचं लक्षण समजायचं. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते, ‘श्वास चालू आहे’ म्हणून लोक हात बांधून उभे राहतात. हे तपासण्यात दहा सेकंदांहून जास्त घालवू नयेत. नाडी शोधत बसू नये, सराव नसलेल्याला गोंगाटात ती सापडत नाही.

छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ आणि पाच ते सहा सेंटिमीटर छाती दाबायची. मिनिटाला 100 ते 120 वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पाच-सहा सेंटिमीटर म्हणजे बरंच होतं, हलक्या हाताने होत नाही, कधी बरगडी मोडल्याचा आवाज येतो. तरी थांबायचं नाही. दोन मिनिटांत दम लागतो, तेव्हा रांगेतल्या दुसऱ्याने घ्यायचं. तोंडाने श्वास देता येत नसेल किंवा द्यायचा नसेल, तरी मोठ्या माणसाच्या बाबतीत नुसतं दाबत राहणं पुरतं. इंडियन रिससिटेशन कौन्सिल सामान्य लोकांना शिकवते तीही नुसतं छाती दाबण्याचीच पद्धत. बुडालेल्या किंवा लहान मुलाच्या बाबतीत मात्र श्वास देणं महत्त्वाचं. म्हणून वॉटर पार्कमध्ये जीवरक्षकाला हाक मारणं पहिलं.

दाबत असताना कुणीतरी एईडी आणायला धावायला हवं. खोक्याएवढं हे यंत्र छातीला दोन चकत्या चिकटवल्या की स्वतःच हृदयाची लय तपासतं, शॉक द्यायचा की नाही ते ठरवतं आणि काय करायचं ते बोलून सांगतं. नको तिथे ते शॉक देत नाही, त्यामुळे हाताळायला घाबरण्याचं कारण नाही. छाती ओली असेल तर पुसून कोरडी करायची, साचलेल्या पाण्यातून माणसाला बाजूला घ्यायचं. हे यंत्र डॉक्टरच्याच हाती असावं असं नाही, हे सिद्ध झालं ते दवाखान्यात नाही, जुगाराच्या अड्ड्यांत. अमेरिकेतल्या कॅसिनोंच्या सुरक्षारक्षकांना ते वापरायला शिकवलं आणि त्याचे निष्कर्ष 2000 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. शॉकने सुधारू शकेल अशी हृदयाची लय बिघडलेल्या 105 माणसांपैकी 56 जण बरे होऊन दवाखान्यातून घरी गेले. डोळ्यांदेखत कोसळलेल्यांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांच्यातले 74 टक्के वाचले. तीन मिनिटं उलटल्यावर मिळाला त्यांच्यातले 49 टक्के. कॅसिनोत ते जमलं, कारण प्रत्येक कोपरा कॅमेऱ्यात असतो आणि रक्षक पावलापावलावर असतो. थीम पार्कातही दोन्ही असतं. आपल्याकडे विमानतळांवर आणि काही मॉलमध्ये ही यंत्रं दिसू लागली आहेत. पार्कात शिरताना तिकीट खिडकीवर ‘एईडी कुठे ठेवलंय?’ असं विचारून बघावं. उत्तर मिळालं तर उत्तम. समोरचा गोंधळला, तरी त्या पार्कबद्दल पुष्कळ कळतं.

फिटच्या बाबतीत मराठी माणसाचा हात आपसूक चपलेकडे जातो. कांदा फोडतात, चपला हुंगवतात, हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतात. यातल्या कशानेही फिट थांबत नाही. ती बहुधा एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि तेवढ्यात चप्पल हुंगवणाऱ्याला श्रेय मिळून जातं. दातांत चमचा घालणं तर घातकच, दात तुटतो किंवा घालणाऱ्याचं बोट. डोक्याखाली पिशवी द्यावी, कठड्यावर हातपाय आपटणार नाहीत अशी जागा करावी, घड्याळ बघावं आणि झटके थांबले की कुशीवर वळवावं. पाच मिनिटं उलटली किंवा मध्ये शुद्ध न येता दुसरी फिट आली, तर दवाखाना गाठायलाच हवा.

मुलांचं पडणं वेगळं. कठड्यावर लोंबकळणारं पोर सटकलं की पहिला मार बसतो तो समोरच्या दातांना. आईबाप रक्त पुसत बसतात आणि दात खाली पडलेला राहतो. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो. सात-आठ वर्षांपुढच्या मुलाचा पक्का दात मात्र वाचू शकतो. तो शोधायचा, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर काही सेकंद पाण्याखाली धरायचा, घासायचा नाही, रुमालात गुंडाळायचा नाही. जमलं तर लगेच परत खाचेत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगायचं. ते जमणार नसेल तर दुधात टाकायचा. पार्कातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर थंड दूध मिळतं. तासाभरात दंतवैद्य गाठला तर तो दात पुन्हा रुजण्याची आशा असते. डोक्याला मार लागलेल्या मुलाला मात्र ‘काही नाही झालं’ म्हणून पुढच्या राइडवर बसवू नये. वारंवार उलट्या, वाढती झोप, असंबद्ध बोलणं, कानानाकातून पाणी, यातलं काही दिसलं की दिवस तिथेच संपवायचा.

उष्माघाताबद्दल कोकणपट्टीत जास्त सावध राहायला हवं, कारण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. खारघरच्या मैदानावर 16 एप्रिल 2023 ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला उन्हात बसलेल्या लोकांपैकी डझनभर माणसं दगावली, तेव्हा तापमान 38 अंशांच्या आसपास होतं, विदर्भाच्या मानाने काहीच नाही. अंग तापलेलं आहे आणि माणूस बरळतो आहे, झोक जातो आहे, ओळखत नाही, तर तो नुसता दमलेला नाही. त्याला दवाखान्यात न्यायची तयारी करता करताच गार करायला लागायचं. सावली, अंगावर पाणी, मिळेल त्या पुठ्ठ्याने वारा. बाटल्या विकणाऱ्याच्या पेटीतला बर्फ काखेत, मानेला. गाडी येईपर्यंतची ही पंधरा-वीस मिनिटं पुढच्या सगळ्या उपचारांइतकी मोलाची असतात.

मदत करायला पुढे होणारा माणूस मनातल्या मनात पोलिसांना घाबरतो. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने स्पष्ट संरक्षण दिलं. कलम 134 अ. ते वाहनांच्या अपघातापुरतं आहे, रांगेला ते लागू होत नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम 30, म्हणजे जुन्या दंडसंहितेतलं 92, बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी, त्याची संमती घेणं शक्य नसताना, सद्भावनेने केलेल्या कृतीला गुन्हा मानत नाही. छाती दाबताना बरगडी मोडली म्हणून धास्तावण्याचं कारण नाही. आणि जवळच्या खासगी दवाखान्याने ‘ही पोलिस केस आहे’ म्हणून दारातून परत पाठवायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्येच सांगितलंय. जीव वाचवण्याचे उपचार आधी, कागद नंतर, मग डॉक्टर सरकारी असो की खासगी.

कागदांवरून आठवलं. फ्लोरिडातले बडे पार्क 2001 पासून राज्य सरकारला दर तिमाहीला अपघातांची यादी देतात. पण त्यात येतात ते राइडवरचे प्रसंग, तेही किमान 24 तास रुग्णालयात राहावं लागलं असेल तरच. रांगेत कोसळलेला माणूस त्या यादीत सापडणार नाही. जिथे मोजमाप होतं तिथली ही गत, मग आपल्याकडे रांगेतल्या पडझडीची नोंद व्हायची तर ती पार्कच्या वहीत, आणि तीही आपण आग्रह धरला तर. म्हणून जखमी माणूस सावरला की नोंद करायला सांगावी, तिचा फोटो घ्यावा, वेळ आणि जागा नीट लिहिली आहे का ते बघावं. ‘स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश’ असं तिकिटाच्या मागे छापलं म्हणून निसरड्या फरशीची किंवा मोडक्या कठड्याची पार्कची जबाबदारी संपत नाही. तिकीट काढलेला माणूस ग्राहक असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत, आणि पार्क खोपोलीला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, तक्रार करता येते. तिथे उपयोगी पडतं ते सीसीटीव्हीचं चित्रण, आणि ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तेव्हा ते जपून ठेवण्याची विनंती पार्कला त्याच आठवड्यात लेखी, ई-मेलने का होईना, पाठवून ठेवावी.